रांगेत चौदाशे पाच

आमच्या संगीत मंडळाच्या जुन्या संगणकाची तपासणी माझ्याकडे आली, कारण मी मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या कसंतिना शहरात एवढं कारण पुरतं. खरं तर मी मंडळात कानून हे तंतुवाद्य वाजवायला जाते.

"रविवारी नवा संगणक येतोय," आमचा सेक्रेटरी लुत्फी म्हणाला. "जुन्यावरचा तो खेचराचा प्रोग्राम ठेवायचा की पुसायचा, एका पानात लिहून दे. मला विचारशील तर पुसायचा. आता गाणी अशी कोण शोधतं?"

खेचर म्हणजे फायलींच्या देवाणघेवाणीचा एक जुना प्रोग्राम. त्याचं चिन्ह खेचराचं, म्हणून सगळे तेच नाव घेतात. त्यात मधलं दुकान नसतं. तुमच्याकडे फाईल असेल तर ती थेट तुमच्या संगणकावरून माझ्याकडे येते, तीही तुकड्या-तुकड्यांनी, वेगवेगळ्या माणसांकडून.

हाज मक्की हे आमचे गुरू. वय एकोणऐंशी. त्यांनी मांडीवरचा ऊद, त्यांचं तंतुवाद्य, खाली ठेवला आणि मला पडद्यावर एक हिरवी पट्टी दाखवली. शेवटचं बोटभर टोक लाल होतं.

"माझ्या शेखांची नुबा. लग्नात कोणीतरी टेप केलेली," ते म्हणाले. "अकरा वर्षं झाली, शेवटची सहा मिनिटं येत नाहीत. नेमका खलास."

शेख म्हणजे त्यांचे गुरू. नुबा म्हणजे एकामागून एक गायच्या गाण्यांची लांब माळ, आणि खलास हा तिचा शेवटचा, जलद भाग. त्याची अखेरची ओळ हाज मक्की वर नेऊन लांबवतात. लुत्फी म्हणतो, ती खाली येऊन तुटते. त्याला संगीतशाळेत तसं शिकवलंय. यावरून दोघं वर्षभर भांडतायत, आणि पुढच्या महिन्यात मंडळातली मुलं तीच नुबा रंगमंचावर गाणार आहेत.

"शेखांचा आवाज ऐकला की मिटेल," हाज म्हणाले. मग हळूच, "तीस वर्षं मी मुलांना वर न्यायला शिकवतोय, पोरी."

मंगळवारी सकाळी नऊला मी वही घेऊन बसले. पूर्ण फाईल जगात एकाच माणसाकडे दिसत होती, तीसुद्धा रोज. म्हणजे लाल टोक हरवलेलं नव्हतं. मग अडलं कुठे? त्या माणसाच्या नावापुढे एक आकडा होता: १४१२. दहा वाजता १३८०. अकराला १३५०. आकडा तासाला साधारण एकतीसने उतरत होता. तो माणूस एका वेळी तिघा-चौघांनाच देत होता, बाकीचे रांगेत; आकडा म्हणजे त्या रांगेतला आमचा नंबर.

पाच वाजता हाज मक्कींनी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि संगणकावर भरतकामाचं कापड घातलं.

"हे काय करता?"

"झोपवतो. ऊदच्या तारा सैल करतो ना संध्याकाळी, तसंच. दिवसभर तापलेलं असतं बिचारं."

बुधवारी सकाळी आकडा होता १४०८.

मी त्यांना वही दाखवली. त्यांना आकडे कळले नाहीत. मग म्हटलं, "हाज, दुधाच्या पिशव्यांची रांग. तुम्ही दिवसभर उभे राहता, निम्म्याच्याही अलीकडे पोचता, आणि संध्याकाळी घरी जाता. सकाळी पुन्हा शेपटाला."

ते पुन्हा त्या हिरव्या पट्टीकडे वळले. "अकरा वर्षं?"

"तेवढ्यात गाय पाळून झाली असती, हाज," लुत्फी दारातून म्हणाला.

"तू गप रे. तुझ्या शाळेनं तुला खाली उतरायलाच शिकवलंय."

रात्रभर चालू ठेवायला ते तयार होईनात. आग लागेल, वीज जाईल, यंत्र दमेल. मी यंत्राच्या पाठीवर त्यांचा हात ठेवून दाखवला, कोमट होतं. शेवटी गुरुवारी दुपारी बारा वाजता आम्ही नव्याने सुरुवात केली, १४०५ वर. लुत्फीनं स्वतः बटणावर चिकटपट्टी मारली. माझ्या हिशेबाने शनिवारी सकाळी सव्वानऊ-साडेनऊला नंबर लागायचा. शुक्रवारी मंडळ बंद. मी घरी चाचणीचे पेपर तपासत होते आणि दिवा लुकलुकला की दचकत होते.

शनिवारी नऊला आकडा १४ होता. लुत्फीनं जौझिया मिठाईचा डबा उघडला, कोणी हात लावला नाही. नऊ चौतीसला आकडा नाहीसा झाला आणि लाल टोक हळूहळू हिरवं व्हायला लागलं. वीस मिनिटं लागली.

शेखांचा आवाज खरखरत आला. मागे बायकांचे आनंदाचे युयू-चीत्कार, भांड्यांचा आवाज. हाज मक्की बोटांनी गुडघ्यावर ताल धरून होते. अखेरची ओळ आली, खाली उतरली, आणि तुटली.

लुत्फी माझ्याकडे बघेना, त्यांच्याकडेही बघेना.

"परत लाव," हाज म्हणाले.

तीनदा ऐकलं. चौथ्यांदा त्यांनी ऊद घेतला आणि शेखांबरोबर खाली आले. एकदा चुकून वर गेले, थांबले, मान हलवली, पुन्हा खाली.

"मंगळवारी सगळ्या मुलांना बोलव," ते लुत्फीला म्हणाले. "शेवट तू शिकव. मी मागे बसतो. माझा हात अजून वर जातोय."

"हाज, राहू दे ना, तुमचीही पद्धत…"

"माझी नाही ती. मी विसरलो होतो, आणि विसरलेलं भरून काढलं. बोलव."

मी माझं पान लिहायला घेतलं. प्रोग्राम नीट चालतो. दोष बंद करण्याच्या सवयीत होता. नव्या संगणकावर घ्यावा, चोवीस तास चालू ठेवावा. लुत्फीनं वाचून खाली सही केली.

हाज मक्कींनी चष्मा लावला. "आणि मी शेवट चुकीचा शिकवत होतो, ते?"

"हा प्रोग्रामचा अहवाल आहे, हाज."

"मग प्रोग्रामनं काय केलं ते नको लिहायला?"

मी ती ओळ घातली.