बोलण्यापुरतं

वैभवीने चपला काढल्या, ओढणी चिन्मयीच्या हातात दिली, मनगटावरचं घड्याळही काढून दिलं आणि मगच वजनकाट्यावर पाय ठेवला.

"घड्याळाचं असं किती वजन असते वं?" चिन्मयीने विचारलं.

"असू दे न. आधीच भोपळा झाली मी."

"तू भोपळा, तं मी पाण्याची टाकी."

दोघी हसल्या. कळमेश्वरच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत त्या शेजारीशेजारी काम करत; मैत्री बी.एस्सी.पासूनची. एकीने स्वतःला नाव ठेवलं की दुसरीने स्वतःला त्याहून वाईट काहीतरी म्हणायचं, हे त्यांचं रोजचं होतं. चिन्मयीच्या लेखी त्याला 'काय, कशी आहेस' एवढाच अर्थ होता.

आज कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रक्तदान शिबिर होतं. काट्यावरचा आकडा स्थिर झाला, तसा नर्सताईंनी तो मोठ्याने वाचला.

"एक्केचाळीस. नाही जमत बाई. पंचेचाळीस तरी पायजे."

वैभवीच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते चिन्मयीने नीट पाहिलं. ते वाईट वाटणं नव्हतं. पेपर सोपा गेलेल्या मुलीसारखी ती काट्यावरून उतरली.

ताईंनी तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. मग तिचं बोट टोचलं आणि रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडला. हिमोग्लोबिन पुरेसं असेल तर थेंब सरळ तळाशी जातो, हे दोघींनाही ठाऊक होतं. हा थेंब थोडा खाली गेला, घुटमळला आणि वर आला.

"जेवत नाही का तू?" ताईंनी विचारलं.

"जेवते न, दुपारी. रात्रीचं आम्ही दोघींनी सोडलं. दिवाळीपासून." वैभवी मागे वळली. "हो न वं?"

चिन्मयीला आठवायला वेळ लागला. दिवाळीनंतर एकदा डबा खाताना वैभवी आपला दंड चिमटीत धरून कुरकुरली होती आणि रीतीप्रमाणे चिन्मयीने उत्तर दिलं होतं, "मी तं रात्रीचं जेवणच बंद केलं आता." पुढे दोनतीनदा वैभवीने विचारलं, तेव्हा तिने 'चालू आहे' म्हणून सांगितलं होतं.

चिन्मयी रांगेत थांबली नाही. वैभवीच्या मागोमाग बाहेर आली. दोघी कॅन्टीनच्या पायरीवर बसल्या.

"पण दंड पाह्य न माझे," वैभवी म्हणाली. "एक्केचाळीसचे वाटून राहिले का?"

चिन्मयीच्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं. तिने ते आवरलं.

"मी रात्री जेवते," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"सोडलंच नव्हतं. एकही दिवस नाही. मी ते असंच म्हटलं होतं."

वैभवीने चिन्मयीच्या मांडीवरची आपली ओढणी घेतली. तिची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. आता ही उठून जाणार, असं चिन्मयीला वाटलं.

"काल काय जेवली?" वैभवीने विचारलं.

"भाकर. भरलं वांगं. मग वरण-भात."

"भात किती?"

"दोनदा घेतला."

वैभवीने भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

"वरणावर तूप होतं?"