वसई नसलेला पट

मी लढाईच्या खेळाचा एक जुना पट आहे, आणि तोही आता अर्धाच उरलेला. सातपाटीला कमलाकांतच्या घरात कपाटामागे मला उभं करून ठेवलंय. बाहेर मुलांचा गलका झाला, की लाकडाचा असूनही मला भिंतीत शिरावंसं वाटतं. मित्रांनो, राग मानू नका. तुमची भीती मला का वाटते, ते ऐका.

माझा जन्म बोईसरचा. कारखान्यात यंत्रांचे भाग ज्या खोक्यांतून येत, त्यांतल्या प्लायवूडच्या दोन फळ्या वामनने साहेबांना विचारून खोलीवर आणल्या. त्या घासल्या, मध्ये बिजागऱ्या लावल्या, की झालो मी. वामन साताऱ्याकडचा, कमलाकांत इथला, सातपाटीचा. दोघं एकाच पाळीला आणि दोघांनाही इतिहासाचं वेड. त्यांनी माझ्यावर डहाणूपासून वसईपर्यंतचा किनारा रंगवला, किल्ले आणि खाड्या काढल्या, सगळीकडे षटकोनी घरं आखली. मग मराठ्यांची वसईची मोहीम माझ्या अंगावर नव्याने सुरू झाली. एकाने मराठे व्हायचं, दुसऱ्याने फिरंगी. नट म्हणजे तोफा, शर्टाची बटणं म्हणजे स्वार, शिंपल्या म्हणजे गलबतं. नुसत्या फाशांवर काही जिंकता येत नसे. मागून दारूगोळा पोचला नसेल, तर सहा पडूनही हात चोळत बसावं लागे. एक मोहीम संपायला महिने लागत.

भरतीचा नियम कमलाकांतने घातला होता. प्रत्येक डावाला तिथी धरायची, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात होडीशिवाय खाडी ओलांडायची नाही. वामनला तो नियम फार आवडला होता. सुट्टीच्या दिवशी शेजारच्या खोल्यांतले कामगार जमायचे आणि 'चाचा, तोप इधर रखो' म्हणून दोघांनाही शहाणपण शिकवायचे. तेव्हा मी किती मिरवायचो म्हणून सांगू!

पुढे वामनच्या खोलीला ओल आली, म्हणून मला सातपाटीला आणलं. तिथेच एका दुपारी घात झाला. डावाची तिथी पौर्णिमा होती. वामनचे स्वार खाडीच्या काठी अडकले होते आणि पलीकडे कमलाकांतचा किल्ला अगदी उघडा पडला होता. वामनला राहवेना. ओहोटीत पाणी उतरतंच, असं म्हणून त्याने बटणं सरळ पलीकडे नेली. कमलाकांतने ती परत ठेवली. वामनने पुन्हा नेली. आवाज चढत गेले. कमलाकांत म्हणाला, माझ्या गावची खाडी तू मला शिकवू नको. तेव्हा वामन जे बोलला, ते मी विसरू शकत नाही.

"आरडू नगंस. हा डाव हाय, मासळीबाजार न्हाय."

आत गोजराबाई, कमलाकांतची बायको, बाजारात मासळी विकून नुकतीच येऊन टोपली उतरवत होती. तिने ऐकलं आणि टोपली उचलून ती मागच्या दारी गेली. वामनने सोंगट्या डब्यात ओतल्या, डबा काखेत मारला आणि तो निघून गेला. त्यानंतर तो आलाच नाही. कारखान्यात दोघं लांब लांब बसून जेवायचे म्हणे.

मग माझे हाल सुरू झाले. मी आधी खाटेखाली होतो, मग ओट्यावर गेलो आणि शेवटी अंगणात. खाऱ्या हवेने बिजागऱ्या गंजून तुटल्या आणि माझे दोन भाग झाले. गोजराबाई आम्हाला पालथं घालून पाठीवर घरापुरता जवळा सुकवू लागली. तिला तरी दोष कसा देऊ? पालथी फळी सगळी सारखीच.

होळीच्या दिवशी तुमच्यासारखीच मुलं लाकडं गोळा करत आली. माझ्यावर ओला जवळा पसरलेला होता, म्हणून मी राहिलो. माझा दुसरा भाग मोकळा होता. त्यांनी तो उचलला आणि समोरच्या मैदानात होळीवर रचला. मला ओरडता येत नव्हतं. वसई, अर्नाळा, सगळा दक्षिणेकडचा किनारा त्या ढिगात पालथा पडला होता आणि मी इकडून बघत होतो. कुणी येईल का, एवढाच विचार मनात होता.

आणि आला कोण, तर वामन! तो निवृत्त झाला होता, दुसऱ्या दिवशी कायमचा गावी जाणार होता. हातात सोंगट्यांचा डबा होता. त्याने आधी गोजराबाईसमोर हात जोडले आणि त्या दिवशीचं माझं तोंड जळो, असं म्हणाला. तिने त्याला पाणी दिलं. मग त्याने पट कुठे आहे ते विचारलं, आणि कमलाकांतला फक्त मी सापडलो.

दुसरा भाग होळीवर गेला असणार, हे कळून दोघं मैदानात धावले. ढिगाच्या कडेला माझा भाग दिसत होता, हाताला लागेल इतका जवळ. पण पूजा होऊन गेली होती. होळीला दिलेलं लाकूड परत घ्यायचं नसतं.

कमलाकांत ढिगासमोर थांबला. "पूजा झालीय, वामन. आता हात लावायचा नाय. पण तू मेहनत केलीस... तू काढ. मी बोलतो सगळ्यांशी."

वामनने हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"न्हाई. गाव तुझं, नियम तुझा. मी एकदा मोडला तेवढा बास झाला."

होळी पेटली. ज्या वसईसाठी सगळी मोहीम मांडली होती, ती वसई जळाली. दोघं शेजारी उभे राहून बघत होते, आणि कमलाकांतने वामनचा दंड घट्ट धरला होता.

वामन आता गावी नवी फळी रंगवतो आहे. अजून ती आलेली नाही. ती येईल ना? आली तर माझ्या जाडीची असेल ना? तोवर कुणी मला पुन्हा अंगणात टाकलं तर? या काळजीत माझे दिवस जातात.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो. डावावर भांडण झालं, तर खुशाल भांडा. पण उठायच्या आधी पट उचलून आत ठेवा. उन्हात पडलेल्या फळीला, तू कुणाची, असं कुणी विचारत नाही.