पहिल्या दिवसाचे भाषण

"एकोणतीसबाई, या वेळी जरा मोठं लिहा," व्यवस्थापकसाहेब माझ्या टेबलाला टेकून म्हणाले. "चार पानं तरी हवीत. निवृत्तीआधीचं माझं शेवटचं भाषण आहे."

मी गोळ्यांच्या खोक्यात घालायचे माहितीपत्रक तपासत होते. गोळी दिवसातून दोनदा की तीनदा, हे नीट पाहिले नाही तर एखादा जिवानिशी जायचा, म्हणून मी मान वर केली नाही. विषय काय, एवढेच विचारले. वर्षाचा पहिला दिवस लोक कधीपासून साजरा करू लागले आणि का, असे काहीतरी हवे, म्हणाले. मालकीणबाईंनी इतिहासाचे एक निवृत्त प्राध्यापक पाहुणे म्हणून बोलावले होते, त्यांच्यापुढे शोभायला हवे. जाता जाता त्यांनी टेबलावर दोन टिचक्या मारल्या.

"आणि तारखा नीट टाका हो. नाहीतर एखादी गाळाल."

मागच्या टेबलावरचे दोघे हसले. सोळा वर्षे तोच विनोद आणि सोळा वर्षे तेच हसणे. जेवणाच्या डब्यात रोज तीच भाजी आली असती तर या दोघांनी बायकांशी भांडणे काढली असती.

आमचा छापखाना कॅलेंडरांचा. औषधांची पत्रके, वह्यांची वेष्टने असले किडूकमिडूक वर्षभर चालते, पण नाव आहे ते कॅलेंडरामुळे. म्हणून एक जानेवारीला आम्हाला सुट्टी नसते. त्या सकाळी सगळे वरच्या दालनात जमतात, नवे कॅलेंडर भिंतीवर चढते, साहेब भाषण करतात आणि चहा होतो. भाषण गेली अकरा वर्षे मी लिहिते. साहेबांना स्वतःच्या दोन ओळी सुचत नाहीत, आवाज मात्र असा की साधी रजेची सूचना वाचली तरी ऐकत राहावेसे वाटते. मी मजकूर ठळक, मोठ्या अक्षरात काढून देते आणि श्वास घ्यायच्या जागी तिरकी रेघ मारते. ते कागद आधी कधीच वाचत नाहीत. आधी वाचले की ताजेपणा जातो, असे त्यांचे म्हणणे. आयत्या बिळावरचे नागोबा पुष्कळ पाहिले, पण बिळात काय आहे हेही न पाहता शिरणारा हा एकटाच.

माझे नाव एकोणतीसबाई कसे पडले ते सांगते. ते लीप वर्षाचे कॅलेंडर होते. फेब्रुवारीचे पान मी स्वतः तपासले, एकोणतीस तारखेवर पेन्सिलीचे टिंब ठेवले, खाली सही केली आणि घरी गेले. मी गेल्यावर त्या पानाची छपाईची फिल्म फाटली. नवी करायला एक दिवस गेला असता. तेव्हा साहेबांना आठवले की सहा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारीही त्याच वारी सुरू झाला होता. आमच्या कॅलेंडरात तिथी-सण नसतात आणि वर्षाचा आकडा फक्त मुखपृष्ठावर असतो, त्यामुळे जुने पान नव्यात खपून जाते. दुसऱ्या कुणाला ही युक्ती सुचलीच नसती. कॅलेंडरात मुरलेल्या माणसालाच सुचते. त्यांनी कपाटातून जुनी फिल्म काढून दिली. वार सगळे बरोबर जुळले. फक्त ते जुने वर्ष लीप नव्हते.

चाळीस हजार घरांत त्या वर्षी मंगळवारनंतर थेट गुरुवार उजाडला. माझ्या सहीचे पान दप्तरातून नाहीसे झाले. मशीन चालवणाऱ्याने मला सगळे खरे सांगितले, पण थोरल्या मालकांसमोर तोंड उघडले नाही. "माझी दोन पोरं शिकतायत, बाई," एवढेच म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. मला माफीनामा लिहून द्यावा लागला. मुख्य मुद्रितशोधकाची जागा माझी ठरलेली होती, ती गेली. माझे टेबल खिडकीजवळून उचलून जिन्याखाली ठेवले. आणि एखाद्या नव्या माणसाला हसवायचे असले की साहेब माझ्याकडे बोट दाखवून शहराचा एक दिवस खाणाऱ्या बाईची गोष्ट सांगू लागले.

हेही मी गिळले असते. पण माझे बाबा छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे होते. चाळीस वर्षे त्यांनी उलटी अक्षरे वाचली. अक्षर चुकले की ते जेवताना गप्प असायचे. मला तपासायला त्यांनीच शिकवले. त्यांच्या खोलीत तेच कॅलेंडर टांगलेले होते. मी सांगितले की बाबा, मी नव्हते, मी बरोबर पान दिले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे गं. माणसाकडून होतं." लहान मुलाने बशी फोडून मांजरावर ढकलावी आणि आईने मान डोलवावी, तशी त्यांनी मान डोलावली. त्याच वर्षी ते गेले. मला चुकलेली समजूनच गेले. त्यांनी मला रागावून घराबाहेर काढले असते तरी चालले असते, पण त्यांनी माझी कीव केली, आणि ती मला या एका माणसामुळे मिळाली.

भाषण मी रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिले. नवरा समोर बसून पंख्याचे बटण दुरुस्त करत होता. मी हसते आहे असे पाहून त्याने विचारले, काय शिजतंय. मी वाचून दाखवले. त्याचा स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला.

"सोळा वर्षं झाली," तो म्हणाला. "आता यातून तुला काय मिळणार?"

"मला काही नको," मी म्हटले. "त्यांचं त्यांना परत द्यायचंय."

 बटणाचा स्क्रू घट्ट करत तो म्हणाला की असल्या कामाला सही लागत नाही, तेवढे बरे आहे.

भाषण मी जीव ओतून लिहिले. सूड घ्यायचा म्हणून मजकूर कच्चा ठेवणे मला जमत नाही. बॅबिलोनचे लोक चार हजार वर्षांपूर्वी वसंतात वर्ष सुरू करत, पेरणीच्या सुमारास, आणि कित्येक दिवस उत्सव चाले. रोमचे जुने वर्ष मार्चला सुरू होई आणि दहाच महिन्यांचे होते असे सांगतात. हिवाळा कुणी मोजतच नसे. जानेवारी आणि फेब्रुवारी मागाहून आले. पुढे दूरच्या एका लढाईवर सेनापतीला लवकर धाडायचे होते, म्हणून नव्या अधिकाऱ्यांनी पदभार घ्यायचा दिवस मार्चमधून एक जानेवारीला आणला. म्हणजे आपण शुभेच्छा देतो तो दिवस मुळात नवा साहेब खुर्चीत बसण्याचा. हे वाचून मला बरे वाटले, कारण त्याच दिवशी आमचा जुना साहेब उठणार होता.

त्यानंतरही एकमत झाले नाहीच. कुठे मार्चच्या पंचवीस तारखेला वर्ष बदले, कुठे डिसेंबरात, आणि दोन गावांमध्ये प्रवास करणारा माणूस एका वर्षातून निघून मागच्या वर्षात पोचे. शेवटी मी फेब्रुवारीवर आले. रोमच्या जुन्या वर्षात तो शेवटचा महिना होता, म्हणून दिवसांची तूट आणि भर त्याच्याच अंगावर पडली. शेवटच्यावर सगळे ढकलायची रीत तेव्हापासूनची आहे, असेही मी लिहिले. तिसऱ्या पानावरच्या शेवटच्या ओळी मी दोनदा मोजून बसवल्या, म्हणजे वाक्य नेमके पान उलटताना तुटेल.

एक जानेवारीला दालन भरले होते. मशिने बंद होती. मालकीणबाई पहिल्या रांगेत, शेजारी प्राध्यापक, बारीक, मान पुढे काढून ऐकणारे. मी दाराजवळ उभी राहिले. साहेबांनी नवा कोट घातला होता आणि चार पाने हातात अशी धरली होती, जणू रात्रभर जागून लिहिली आहेत.

बॅबिलोनपासून त्यांनी लोकांना मुठीत घेतले. नव्या साहेबाच्या खुर्चीवर हशा झाला. प्राध्यापक मान हलवत होते.  मी तिरक्या रेघा मोजत होते.

"एक दिवस हरवला तर काय होतं," साहेबांचा आवाज खाली आला, जसा आणायची खूण मी कागदावर केली होती, "हे आपल्या छापखान्याइतकं कुणाला ठाऊक नाही. सोळा वर्षांपूर्वी आपण फेब्रुवारीतला एक दिवस गाळला. तो मुद्रितशोधकाच्या हातून गेला नव्हता. त्यांनी पान अचूक तपासून दिलं होतं. त्यानंतर जुनी फिल्म लावून ज्यानं तो दिवस गाळला…"

जुनी फिल्म म्हणताना ते अडखळले. पण अकरा वर्षांची सवय, जीभ पुढे गेली. "…तो माणूस," ते म्हणाले, आणि त्यांनी पान उलटले.

चौथ्या पानाच्या डोक्यावर दोनच शब्द होते. साहेबांनी ते पाहिले. मग त्यांनी दालनभर नजर फिरवली आणि मी सापडेपर्यंत ती थांबली नाही. मी नजर वळवली नाही. कोण माणूस, हे ऐकायला सगळे थांबले होते. प्राध्यापकांनी मान आणखी पुढे काढली. साहेबांना त्या क्षणी काहीही म्हणता आले असते, पण कागदावर नसलेले बोलायची त्यांना सवयच नव्हती.

"मी आहे," ते म्हणाले.

त्या दोन शब्दांसाठी मी सोळा वर्षे दात ओठ खाल्ले होते. आता त्यांची छीथू होणार, मालकीणबाई उठून जाणार, असे मी घरी शंभरदा रंगवले होते. साहेबांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे वाक्य बोलून दाखवले.

"हे मला फार दिवसांपासून सांगायचं होतं."

आधी प्राध्यापकांनी टाळी वाजवली. मग सगळ्या दालनाने. निवृत्त होताना माणसे पराक्रम सांगतात, चूक सांगणारा माणूस आज प्रथमच पाहिला, असे प्राध्यापक उभे राहून म्हणाले. मालकीणबाईंचे डोळे भरून आले होते. केवढे मोठे मन, असे माझ्या पुढे उभी असलेली बांधणी विभागातली बाई म्हणाली. ज्या बाईचे नाव धुऊन निघाले ती दाराशी उभी आहे, हे कुणाच्या लक्षातही नव्हते. माझा डाव माझ्यासमोर उचलून त्यांनी आपल्या कोटाला लावला होता, आणि तो त्यांना शोभत होता. मला इतका संताप आला की कानात घुमू लागले.

मग मालकीणबाईंना मी आठवले. त्यांनी मला पुढे बोलावले, निरोपाचा पुष्पगुच्छ माझ्या हातात दिला आणि ध्वनिक्षेपक तोंडापुढे धरला. "बाई, तुम्हीच द्या. आता मनात काही ठेवू नका. माफ केलं म्हणा, म्हणजे वर्षाची सुरुवात छान होईल."

साहेबांनी दोन्ही हात पुढे केले होते. चेहऱ्यावर हसू होते, घाबरलेले होते, पण होते.

"नाही," मी म्हटले.

मालकीणबाईंना वाटले मी संकोचते आहे. त्या पुन्हा म्हणाल्या, म्हणा ना.

"मी माफ करत नाही," मी म्हटले. माझा आवाज साहेबांसारखा नाही, चिरका आहे, पण तो मागच्या भिंतीपर्यंत गेला. "यांना आज काही सांगायचं नव्हतं. भाषण मी लिहिलंय. शेवटचे दोन शब्दसुद्धा मीच लिहिलेत. यांचं एकच वाक्य होतं, आणि ते खोटं होतं. माझे वडील मरेपर्यंत मला चुकलेली समजले. हे त्यांच्या घरी चहा प्यायला आले होते, तेव्हासुद्धा यांनी सांगितलं नाही."

हे शेवटचे मी नवऱ्यालाही कधी सांगितले नव्हते. बाबांनी त्या दिवशी साहेबांना दारापर्यंत पोचवले होते आणि माझ्या लेकीला सांभाळून घ्या म्हणून हात जोडले होते. साहेबांनी ते जोडलेले हात आपल्या हातात धरून, घेतो की, असे म्हटले होते.

साहेबांकडे पाहिले तर त्यांना ते आठवले होते. हसू गेले होते. हात मात्र तसेच पुढे राहिले होते, मागे कसे घ्यावेत हे त्यांना कळत नव्हते. चौथे पान खाली पडले, ते कुणी उचलले नाही. मी पुष्पगुच्छ रिकाम्या खुर्चीवर ठेवला आणि दाराकडे चालू लागले. बसलेल्यांनी वाट देण्यासाठी पाय आत घेतले. मागच्या टेबलावरचे दोघे उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही.

मला आनंद झाला होता, खोटे कशाला बोलू. त्यांचे ते पुढे राहिलेले हात मला मरेपर्यंत पुरतील. पण जिना उतरताना मी मधल्याच पायरीवर बसले. खाली सगळी मशिने गप्प होती. मी मोठ्याने म्हटले, "बाबा, मी नव्हते हो." एवढ्या मोकळ्या छापखान्यात ते मलाच फार मोठे ऐकू आले. उत्तर येणार असल्यासारखी मी थोडा वेळ तिथेच बसून राहिले. मग वरती खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला, तेव्हा उठले आणि तोंड धुऊन कामाला बसले.