आईचं मन वळेपर्यंत

तिने पाण्याची धार आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहिली आणि मगच बाईंचं डोकं बेसिनच्या खाचेत टेकवलं.

"गरम नाही ना वाटत?"

"नाही गं, छान वाटतंय. हात हलका आहे तुझा."

बाईंनी डोळे मिटले. बरं झालं मिटले, नाहीतर या पार्लरवालीचा उतरलेला चेहरा त्यांना दिसला असता. त्यांच्या हनुवटीवरचा तीळ तिने आपल्या प्रियकराच्या मोबाइलमध्ये कितीदा तरी पाहिला होता. हीच ती आई. हिचं मन वळलं की लगेच लग्न, असं तो तीन वर्षं सांगत आला होता. आई फार कडक आहे, जरा थांब. ती थांबली. धाकट्या बहिणीला मूल झालं, घरच्यांनी विचारायचं सोडलं, तरी थांबलीच. आज आई आपल्या पायांनी चालत आली होती. तिने ठेवणीतला शाम्पू काढला आणि जीव ओतून केस चोळू लागली.

"घरी कोण कोण असतं?" तिने भीतभीत विचारलं.

"मी नि मुलगा. त्याच्या लग्नासाठी हात धुऊन मागे लागलेय मी. म्हटलं, तुला आवडेल ती आण बाबा, मी चकार शब्द काढणार नाही. तर म्हणतो, कुणी मनातच भरत नाही."

तिची बोटं फेसात थांबली.

"झालं का गं?"

"नाही. थोडा फेस राहिलाय अजून."

केस कापून, वाळवून होताहेत तोच तो आईला न्यायला आला. दारात क्षणभर थबकला, पण सावरला. सावरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"किती गुणी मुलगी आहे बघ," बाई म्हणाल्या. "अशी एखादी शोध की."

"चल ना आई, गाडी रस्त्यातच लावलीये." मग तिच्याकडे न बघताच, "थँक्यू मॅडम."

खुर्चीखालचे पांढरे केस ती झाडत होती, तेव्हा त्याचा मेसेज आला.

"थोडक्यात वाचलो आज! रविवारी येऊ ना?"

आई कधीच आड आली नव्हती. तोच आड होता. हे लख्ख कळूनही तिला रविवारची आपली रिकामी खोली दिसली आणि स्वतःचीच भीती वाटली.

ओल्या अंगठ्याने तिने लिहिलं, "ये."

मग केर भरायला ती खाली वाकली.