पितळी गंजातला मठ्ठा

आमच्या प्रफुल्लची एक खोड मला तो लहान होता तेव्हापासून सलते. हसायचं असलं तरी आधी इकडेतिकडे पाहतो. दुसरे हसले की मग याचे दात दिसतात. जिनिंगवर मुनीम झाला, लग्न झालं, आता बाप व्हायला आला, तरी मान आपली फिरतेच, उभ्या पंख्यासारखी.

परवा माझ्या धाकट्या जावेचे, प्रेमलताचे, नवसाचे रोडगे होते. पोराला नोकरी लागली म्हणून जामसांवलीच्या मारुतीला बोललेली. पांढुर्ण्याहून आम्ही सगळे भाऊबंद गाड्या भरून निघालो. माझी सून दिपाली सातव्या महिन्यात. मी म्हटलं, उन्हाचं नको नेऊ तिला. तर प्रफुल्ल म्हणतो, "सगळ्याइच्या सुना येऊन राहिल्या, माय."

झाडाखाली गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि प्यायला मठ्ठा. मठ्ठा प्रेमलताच्या पितळी गंजात, मोठ्या उभ्या पातेल्यात. लोधीखेड्याच्या माहेराहून आंदणात आलेला, म्हणून ती तो मिरवते. बाहेरून नुसतं सोनं. आतली कल्हई कधीच उडालेली, आणि बाईसाहेबांनी आदल्या संध्याकाळीच ताक त्यात भरून ठेवलेलं. पितळेत आंबट राहिलं की कळकतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक. पण मी रोडग्यांच्या धुरात बसलेली, गंजाकडे कोण पाहतं!

पहिली पंगत माणसांची. मधोमध भगवंतराव, भाऊबंदांत सगळ्यांहून वडील. त्यांनी ग्लास तोंडाला लावला, जरासे थांबले, डावीउजवीकडे पाहिलं आणि घटाघट प्यायले. पुन्हा भरून घेतला. मग काय, सगळी ओळ प्यायली. वाढायला होता प्रफुल्ल.

दुसरी पंगत बायांची. दिपालीने घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"कडू लागते हो. वासही कसातरी येते."

बाया खिदळल्या. "पहिलटकरीन हाये, तोंडाची चव गेली तिची!"

प्रेमलताचा चेहरा उतरला. प्रफुल्ल वाढता वाढता बायकोपाशी वाकला. हळू बोलला, पण माझे कान अजून शाबूत आहेत.

"सगळे पेऊन राहिले. भगवंतराव दोनदा पेले. तूच एक शहानी काय? काकूले काय वाटन?"

पोरीने डोळे मिटले आणि ग्लास रिकामा केला.

तिचं ते डोळे मिटणं मला पाहवलं नाही. उठले, गंजातला मठ्ठा बोटाने चाटला आणि तिथेच थुंकले. जिभेवर तांब्याचा पैसा ठेवावा तशी चव. मग लाथ घालून गंज कलंडवला.

"बाई! देवाच्या दारी अन्नाले लाथ?" प्रेमलता किंचाळली.

"कळकलं हाये ते! थुका सगळ्या!"

एकही थुंकली नाही. मठ्ठा नाही, मीच नासले अशा माझ्याकडे पाहत होत्या. एक म्हणाली, "मानसायची अख्खी पंगत जेवून उठली, कोनाले काई कळलं नाही. हिलेच बरं कळलं!" मी दिपालीच्या घशात बोट घालायला गेले तर प्रफुल्लने माझं मनगट धरलं. "माय, तमाशा नको करू."

तमाशा आपल्या पायांनी आला. आधी एकजण तोंड दाबत झाडामागे पळाला, मग आणखी दोघं. तेवढ्यात दिपाली पोट धरून वाकली. आता मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "माले तवाच वाटलं होतं!"

सौसरच्या दवाखान्यात दिपालीला आत घेतलं. डॉक्टरीण म्हणाली, उलट्या झाल्या ते बरंच झालं, पण पोट आवळून येतंय, कळा थांबल्या पाहिजेत. बाकावर बसले की उठावंसं वाटे, उठले की बसावंसं. दारापर्यंत जायची, परत यायची. आत काही हललं की दाराला कान लावायची.

बाजूच्या खोलीत भगवंतरावांना सलाईन लावलेलं. मी तिथे शिरले.

"मामाजी, तुमाले चव कळली नाही?"

"पयल्याच घोटाले कळली, सूनबाई. पन मांगच्या हप्त्यात ताप येऊन गेला ना, म्हटलं माहीच जीभ कडू असन. बाजूले पाह्यलं तं सारे गपागप पेऊन राहिले. मंग म्या बी अजून घेतला."

"अवो, ते तुमाले पाहून पेत होते!"

म्हातारा उशीवरून अर्धा उठला. "मंग पयले पेलं कोन?"

मी बाहेर आले. तेवढ्यात नर्स सांगून गेली, कळा थांबल्या, पोराचे ठोके बरोबर आहेत. मागे वळले, तर पलीकडे भाऊबंदांचा घोळका. प्रेमलता सांगत होती, "ऊनच केवढं होतं, ऊन लागलं सगळ्याइले." सगळ्या माना हलल्या. त्यात प्रफुल्लची मान.

मी घोळक्यात घुसले.

"प्रफुल्ल, वाढायच्या आधी तू चाखलं होतं का?"

त्याने आधी काकूकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. "चाखलं होतं."

"मंग?"

"सगळ्याइलेच कळलं होतं, माय. कोनीच बोललं नाही, तं मी एकटा कसा बोलू?"

"दिपाली बोलली. दोन जिवाची, नवी सून, एवढ्या पंगतीत एकटी बोलली, अन् तिचं तोंड तू दाबलं. हे सगळे माह्या पोटचे नाहीत, प्रफुल्ल, तू हायेस. आता आत जाय. दार उघडं ठेव, या सगळ्याइले ऐकू जाऊ दे. तिले सांग का तुले ठाऊक होतं, अन् ठाऊक असून तू तिले पाजलं. तोवर माह्या घरी तुले पानी बी भेटनार नाही."