दोन बटणांची प्रेस

हे तुम्ही मानणार नाही. मानलंत तर आजचा चहा माझ्याकडून, असं मी निगडीच्या बागेत फिरायला येणाऱ्या जयमालाबाईंना बाकावर बसता बसता आधीच सांगून टाकलं. शेजारी साहेबराव डाव्या हातात कप धरून बसला होता. उजवा हात नेहमीसारखा खिशात. पत्रा दाबून भाग काढणाऱ्या एकाच प्रेसवर आम्ही बावीस वर्षं काढली. माझ्या थापा त्याला पाठ आहेत.

चाकणला आमच्या कंपनीत दर वर्षी सुरक्षा सप्ताहाला एक छोटी फिल्म काढायचे. त्या साली लेखक मी, नट साहेबराव, आणि मोबाइल ट्रायपॉडवर लावून शूटिंग करणार ऑफिसातली तेजस्विनी. गोष्ट साधी. कामगार घाई करतो, अडकलेला पत्रा काढायला प्रेसखाली हात घालतो, दोन बोटं जातात. आता ही प्रेस अशी, की दोन हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय खालीच येत नाही. दोन्ही हात बटणांवर, मग बोटं जातील कशी? पण कागदावर काय, काहीही जातं.

पहिली तालीम मोटर बंद ठेवून शूट केली. मोबाइलमध्ये बघतो तर साहेबरावच्या मागे कोणीतरी उभं. आमच्यासारखाच खाकी डगला, टोपी कपाळावर ओढलेली. तिथे तर आम्ही तिघंच होतो. मी ‘मागे एक माणूस उभा’ असं लिहिलं होतं खरं, पण माणूस मिळाला नाही म्हणून ते सोडून दिलं होतं. मी ती ओळ खोडली. क्लिप परत लावली. मागे नुसती भिंत.

मग पुढचं बघितलं. साहेबराव पत्रा काढून हात वर करतो, आणि हाताला तीनच बोटं.

मी त्याला हात दाखव म्हणालो. त्यानं पाचही बोटं माझ्या नाकासमोर नाचवली, म्हणाला, मोज की लेखका. मी ‘बोटं जातात’ वर पेन घासलं, तर रिफिल नेमकी संपलेली. दुसरं पेन आणायला ऑफिसकडे पळालो आणि मागे मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. दारातून वळून बघितलं. साहेबरावचा डावा हात बटणावर, उजवा पत्र्यावर. मागे तोच, टोपी ओढलेला. आणि एकाच बटणावर, जयमालाबाई, प्रेस खाली आली.

बाईंनी कप बाकावर ठेवला. त्यांनी विचारलं, दुसरं बटण मग दाबलं कोणी? मी म्हटलं, कागदानं.

साहेबरावनं उजवा हात खिशातून काढून मांडीवर ठेवला. लोकांसमोर तो असं कधी करत नाही.

“मागं कोणी न्हवतं, बाळाजी. तूच व्हतास. टार्गेटसाठी रोज बांधायचो तसं दुसरं बटण दाबून चिंधीनं बांधत. शॉट खरा दिसावा म्हणून.” त्यानं तीन बोटांनी चष्मा सारखा केला. “अन् चिंधी मीच दिली व्हती.”