थांब्यांची गरज नाही

हसलो मी. सगळ्यात मोठ्यानं हसलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे सारवासारव करायचा मोह व्हायला नको.

दर सोमवारी सकाळी आमच्या रस्ते खात्यात ट्रकच्या लेनमधले कॅमेऱ्याचे फोटो येतात. त्या लेनमध्ये ड्रायव्हर गाडी सोडून खाली उतरला की कॅमेरा टिपतो. तीनदा सापडला की त्याचा लेनचा परवाना रद्द, आणि परवाना गेलेल्या ड्रायव्हरला कुठलाही मालक दारात उभं करत नाही. कारकून एकेक फोटो भिंतीवरच्या पडद्यावर दाखवत होता. लेनच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस, पाठमोरा. ट्रकच्या आरशाला बांधलेलं लाल फडकं.

"बघा, झेंडा लावून कार्यक्रम चाललाय!" कारकून म्हणाला.

"मग उद्घाटनाला साहेबांना नको का बोलवायला?" मी म्हणालो.

हशा पिकला. त्या हशातच पुढचा फोटो आला. करडा स्वेटर, आणि डावी बाही तपकिरी. विणता विणता लोकर संपली, तो रंग परत मिळेना, म्हणून ताईनं एक बाही मिळेल त्या रंगात उरकली होती. जगात तसा दुसरा स्वेटर असणं शक्य नाही.

"हा तिसऱ्यांदा सापडलाय," कारकून म्हणाला. "गेला बिचारा."

म्हणजे आधी दोनदा याच पाठीला हसलो असणार; तेव्हा स्वेटर नव्हता, म्हणून ओळखली नव्हती. माझं तोंड अजून हसरंच राहिलं होतं. ते बंद करायचंही सुचेना.

ते माझे दाजी होते. ताईचे यजमान. तीस वर्षं ट्रक चालवतायत. माझ्या प्रवेशपरीक्षेच्या दिवशी बस बंद होत्या, तेव्हा भरलेला ट्रक आडवाटेला घालून त्यांनी मला परीक्षेच्या दारात उतरवलं होतं. ट्रक आणि मोटारी वेगळ्या करायला हव्यात, हेही मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं. "अरे, या मोटारी पुढ्यात घुसतात आणि गच्च ब्रेक मारतात. माझ्या पाठीशी वीस टन माल असतो. तो काय माझं ऐकतो?" पुढे लेन झाली तेव्हा ताईनं अख्ख्या गल्लीला सांगितलं, "माझ्या भावानं आखलाय तो रस्ता!"

खरंच मीच आखला होता. बावीस किलोमीटर. मोटारी पलीकडे, ट्रक अलीकडे, आणि ट्रकच्या दोन्ही अंगांना उंच भिंत. पहिल्या नकाशात ट्रकसाठी तीन थांबे होते, संडासासकट. मग मोटारींच्या बाजूला जागा कमी पडायला लागली. मीच, कुणी न सांगता, थांबे खोडले आणि समासात लिहिलं, 'थांब्यांची गरज नाही. प्रवास बावीस मिनिटांचा.' साहेब खूश झाले. मीसुद्धा स्वतःवर जाम खूश होतो. कागदावर माझे ट्रक सारखे पळतच होते ना! लेनच्या टोकाला वजनकाटा आहे, तिथे रांग लागणार, आणि रांगेतले ट्रक त्या भिंतींच्या मधे तीन-तीन तास उभे राहणार, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. रस्त्याचा नकाशा काढणाऱ्यानं गाडी उभीही राहते हे विसरावं, याला काय म्हणायचं?

संध्याकाळी ताईकडे गेलो. माझी चप्पल निघायच्या आत तिनं सुरुवात केली.

"बरा आलास, बारक्या! यांच्या गाडीचं इंजिन तापलं, म्हणून बिचारे खाली उतरले. तर नोटीस पाठवली तुझ्या मेल्या खात्यानं! तू आहेस ना तिथे? एकेकाचे कान उपट."

दाजी टेबलाशी बसून नोटिशीसोबतचा फॉर्म भरत होते. 'वाहन सोडण्याचे कारण' या ओळीपुढे त्यांनी जपून, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'इंजिन गरम'. ताई चहा ठेवायला आत गेली तसं त्यांनी मला दंडाला धरून बाहेर, ट्रकपाशी आणलं.

"इंजिनाला काही झालेलं नाही रे," ते टायरकडे बघत म्हणाले. "मलाच त्रास आहे. लघवी धरवत नाही. डॉक्टर म्हणतात, दाबून ठेवू नका. आता तीन-तीन तास काय करू? बाटली ठेवून बघितली, पण या वयात सीटवर बसून जमत नाही. एकदा तर..." त्यांनी टायरवरचा चिखल नखानं खरवडला. "ती पँट मीच धुतली. तुझ्या ताईला पत्ता नाही."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं काय, तर, "आणि ते लाल फडकं कशाला?"

"ते आमच्या ड्रायव्हर लोकांमधलं आहे. आरशाला फडकं दिसलं की मागचा हॉर्न मारत नाही. तोंड फिरवून बसतो. तेवढीच माणसाची अब्रू राहते."

मागचा तोंड फिरवून बसतो. आणि आम्ही शिकलेली माणसं चहाचे घोट घेत पडद्यावर बघतो.

"तू भांडला असशील थांब्यांसाठी," दाजी म्हणाले. "मला ठाऊक आहे. वरच्यांनी ऐकलं नसेल तुझं. मनाला लावून घेऊ नकोस."

असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी 'हो' म्हणालो नाही, पण 'नाही' तरी कुठे म्हणालो? तो हात तसाच घेऊन आत गेलो आणि निर्लज्जासारखा दोन कप चहा प्यालो.

गुरुवारी सुनावणी होती. साहेब मधोमध, एका बाजूला कारकून, दुसऱ्या बाजूला नकाशा विभागातर्फे मी. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. थंडी असून स्वेटर घातला नव्हता. त्यांनी माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. मला अवघड व्हायला नको म्हणून.

कारकुनानं फॉर्म मोठ्यानं वाचला. "इंजिन गरम म्हणे! मग इंजिनाकडे पाठ करून भिंतीला पाणी घालत होता का?"

मागच्या बाकावरचे दोघं-तिघं फिदीफिदी हसले. पडद्यावर तो फोटो, माणसाएवढा मोठा. दाजींनी मान खाली घातली. त्यांचे कान लाल झाले होते. साठीला टेकलेला माणूस शर्टाचं बटण चाचपत उभा होता.

"नियम स्पष्ट आहे," साहेब म्हणाले. "परवाना रद्द. नकाशा विभागाला काही सांगायचंय?"

हे ते दर वेळी विचारतात आणि मी दर वेळी 'काही नाही' म्हणतो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशीही ते दोन शब्द ओठांवर आले होते.

"आधी तो फोटो बंद कर!" मी कारकुनावर खेकसलो. मग लेनच्या फाइलमधून पहिला नकाशा काढून साहेबांपुढे पसरला. "इथे तीन थांबे होते. ते मी खोडले. मला कुणीही सांगितलं नव्हतं." समासातली ओळ मी मोठ्यानं वाचून दाखवली. "हे अक्षर माझं आहे. आणि हे माझे दाजी आहेत. यांना जायला जागाच नव्हती, साहेब. सोमवारी हे फोटो लागले तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो."

कुणी हसलं नाही. साहेबांनी नकाशा जवळ ओढून समासातली ओळ स्वतः वाचली. मग त्यांनी परवाना तूर्त कायम ठेवला, थांब्यांचा विषय पुन्हा मांडायला सांगितलं आणि माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी दाजींकडे बघितलं. ते नकाशावरच्या त्या तीन खोडलेल्या चौकोनांकडे बघत होते.

बाहेर आल्यावर ते थेट ट्रककडे चालत गेले. एक सणसणीत कानाखाली दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी ट्रकचं दार उघडलं, "बस" म्हणाले, आणि घर येईपर्यंत समोर बघून गाडी चालवत राहिले. आरशाला ते फडकं गुंडाळलेलं होतं. मला त्याच्याकडे बघवेना.

ताई दारातच उभी होती. "काय झालं? राहिला का परवाना?"

"राहिला," दाजी चप्पल काढत म्हणाले. "दोष सापडला. तुझ्या भावानंच दाखवला."

"बघा! मी म्हणत नव्हते?" ताईचा चेहरा फुलला. "माझा भाऊ आहे तो!"

तिनं कौतुकानं माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. मी दाजींकडे बघितलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि ते हातपाय धुवायला आत गेले.